दुरुस्तीच्या पावतीवरचा पासवर्ड

मोबाइल दुरुस्तीला टाकताना काउंटरवरचा मुलगा तीन गोष्टी विचारतो: नाव, संपर्कासाठी दुसरा एखादा नंबर आणि लॉक. नंबर देताना माणूस क्षणभर अडखळतो, कारण नंबर दिला की जाहिरातींचे मेसेज सुरू होतात हे आता सगळ्यांना ठाऊक झाले आहे. लॉक मात्र तो विचारल्याबरोबर सांगून टाकतो, तेही मागे उभ्या असलेल्या चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात. मुलगा ते पावतीवर लिहून घेतो. पॅटर्न असेल तर नऊ ठिपके काढून त्यांवरून पेनाने रेघ ओढतो, सुरुवात कुठून करायची ते कळावे म्हणून एका टोकाला बाण काढतो, आणि तो कागद चिकटपट्टीने फोनच्या पाठीवर डकवून फोन मागच्या ट्रेमध्ये ठेवून देतो. संध्याकाळपर्यंत त्या ट्रेमध्ये बरेच फोन जमलेले असतात आणि ज्याची किल्ली त्याच्याच पाठीवर चिकटवलेली असते.

ही पद्धत बंद व्हायला हवी, आणि ती बंद करण्याचा भार ग्राहकाच्या सावधगिरीवर न टाकता फोन बनवणाऱ्या कंपन्या, त्यांची सेवा केंद्रे आणि नियम करणारे सरकार यांच्यावर टाकायला हवा, असे माझे मत आहे. हे कोपऱ्यावरच्या कारागिरांविरुद्धचे आरोपपत्र नव्हे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचा गाळा, या लोकांच्या हाताला गुण आहे म्हणून आपल्याकडे फोन चार-पाच वर्षे चालतो, नाहीतर तो दोन वर्षांत भंगारात गेला असता. लॉक सांगण्याची प्रथा या लोकांनी हट्टाने आणलेली नाही. फोनची रचना आणि धंद्याची गरज यांतून ती आपोआप पडत गेली, आणि कोणीच हरकत घेतली नाही म्हणून टिकली.

चार आकडी पिनने किंवा पॅटर्नने नेमके काय उघडते, याचा हिशेब बहुतेकांनी केलेला नसतो. फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप एवढेच डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीनचे लॉक ही सगळ्या कुलपांची मूळ किल्ली आहे. ते ठाऊक असले की नवे बोट नोंदवता येते. गूगलच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये साठवलेले पासवर्ड उघडून वाचता येतात. व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या संगणकाला जोडताना फोन खातरजमा मागतो, ती याच पिनने होते, आणि एकदा जोडणी झाली की फोन मालकाच्या खिशात परत गेल्यावरही संभाषण दुसरीकडे वाचता येते. यूपीआयचा पिन वेगळा असतो हे खरे, पण यूपीआय लाइट सुरू केलेले असेल तर एक हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तोही लागत नाही. शिवाय किती जणांचा यूपीआय पिन आणि फोनचा पिन खरोखर वेगळा असतो, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. आधार आणि पॅन कार्डांचे फोटो तर घरटी प्रत्येकाच्या गॅलरीत आहेतच, कारण ते कोणत्या ना कोणत्या कार्यालयाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावे लागले होते. ज्या सिमवर ओटीपी येतो ते सिमही बहुधा फोनमध्येच राहून गेलेले असते. आयफोनमध्येही गोष्ट फार निराळी नव्हती: नुसता पासकोड माहीत असणारा चोर मालकाच्या अ‍ॅपल खात्याचाच पासवर्ड बदलून टाकू शकत असे, आणि हे प्रकार वाढल्यावर जानेवारी २०२४ मध्ये कंपनीला त्यावर जादा संरक्षणाची सोय द्यावी लागली.

दुरुस्तीला हे सगळे लागते का? बहुतेक वेळा लागत नाही. दुकानात येणाऱ्या फोनांत सर्वाधिक दुखणी फुटलेला डिस्प्ले, उतरलेली बॅटरी आणि सैल झालेला चार्जिंग जॅक यांचीच असतात. नवा डिस्प्ले बसवल्यावर टच नीट चालतो का, हे लॉकच्या स्क्रीनवरच पाहता येते. टॉर्च आणि कॅमेरा बहुतेक फोनांत लॉक न उघडता सुरू होतात. बाहेरून फोन लावला तर लॉक असतानाही तो उचलता येतो, म्हणजे माइक, कानाजवळचा स्पीकर, रिंगर आणि कानाला लावल्यावर स्क्रीन विझवणारा सेन्सर यांची परीक्षा एका कॉलमध्ये होते. चार्जिंग होते की नाही ते तर बंद फोनही दाखवतो. फोन वारंवार हँग होतो, नेटवर्क येते आणि जाते, एखादे अ‍ॅप उघडल्याबरोबर बंद पडते, अशा तक्रारींत मात्र आत शिरावेच लागते. पण अशा वेळी मालक समोर बसलेला असेल तर तो स्वतः लॉक उघडून देऊ शकतो आणि काम संपेपर्यंत नजर ठेवू शकतो.

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न लॅपटॉपच्या बाबतीत तपासला. नुसती बॅटरी बदलायची आहे असे सांगून ते वेगवेगळ्या दुकानांत गेले, तेव्हा एक अपवाद वगळता सगळ्यांनी पासवर्ड मागितला. बॅटरी बदलण्याशी पासवर्डचा काडीचाही संबंध नसतो. अभ्यासाच्या दुसऱ्या भागात त्यांनी किरकोळ बिघाड मुद्दाम केलेले लॅपटॉप दुरुस्तीला दिले आणि आत काय काय उघडले जाते याची नोंद ठेवणारी व्यवस्था त्यांत आधीच लपवून ठेवली. १६ पैकी सहा वेळा मालकाच्या खासगी फायली उघडून पाहिल्या गेल्या, दोन वेळा त्यांची प्रत काढून घेतली गेली, आणि काहींनी मागच्या खुणा पुसण्याचाही प्रयत्न केला. स्त्रीच्या नावाने दिलेल्या लॅपटॉपमध्ये डोकावण्याचे प्रमाण अधिक आढळले. हा अभ्यास लहान आहे आणि तो आपल्याकडचा नाही, त्यामुळे आपल्या दुकानांतही हेच प्रमाण असेल असे म्हणता येणार नाही. पण निम्म्याहून अधिक वेळा काही गैर घडले नाही, हेही त्याच आकड्यांत दिसते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे: काउंटरवर उभे असताना आपल्यासमोरचा माणूस कोणत्या गटातला, हे ओळखण्याचा कोणताही मार्ग ग्राहकाकडे नसतो.

अधिकृत सेवा केंद्रात गेले की हा धोका टळतो, ही समजूतही भाबडी आहे. अमेरिकेतील एका विद्यार्थिनीने २०१६ साली दुरुस्तीसाठी पाठवलेल्या आयफोनमधील तिचे खासगी फोटो अ‍ॅपलच्या कंत्राटी दुरुस्ती केंद्रातील तंत्रज्ञांनी तिच्याच फेसबुक खात्यावरून प्रसिद्ध केले. त्यानंतर कंपनीने तिच्याशी लाखो डॉलरची तडजोड केली, आणि हे प्रकरण जगाला २०२१ मध्ये कळले. आपल्याकडच्या अधिकृत केंद्रांची वातानुकूलित खोली आणि टोकनचे यंत्र यांमुळे विश्वास बसतो खरा, पण तिथल्या फॉर्मवर एका रकान्यात पासवर्ड मागितलेला असतो आणि त्याच फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘फोनमधील माहितीची जबाबदारी आमची नाही’ असे छापलेले असते. ज्या वस्तूची जबाबदारी घ्यायची नाही तिची किल्ली मात्र हवी, हा व्यवहार आपण सही करून मान्य करतो.

‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ हे उत्तर या विषयावर हमखास ऐकू येते, आणि बोलणारा बहुधा प्रामाणिक असतो. मात्र फोनमध्ये फक्त त्याचेच काही नसते. हाँगकाँगमध्ये एका लोकप्रिय अभिनेत्याने दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधील खासगी छायाचित्रे २००८ साली बाहेर फुटली. संबंधित तंत्रज्ञाला पुढे शिक्षा झाली. पण त्या प्रकरणात ज्या अभिनेत्रींची छायाचित्रे जगभर फिरली, त्यांपैकी एकीनेही आपला लॅपटॉप कोणाला दुरुस्तीला दिलेला नव्हता. शिक्षकाच्या फोनमध्ये वर्गातल्या मुलांचे फोटो आणि पालकांचे नंबर असतात, वकिलाच्या फोनमध्ये पक्षकाराची कागदपत्रे असतात, डॉक्टरला पेशंटने रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले असतात, आणि आशा सेविकेच्या फोनमध्ये गावातल्या गरोदर स्त्रियांच्या याद्या असतात. या माणसांच्या वतीने संमती देण्याचा अधिकार फोनच्या मालकाला कोणी दिलेला नाही. घरातही हेच घडते. बायकोचा फोन बिघडला की तो नवरा किंवा मुलगा दुकानात नेऊन टाकतो आणि लॉकही तोच सांगून येतो. तिला विचारावे असे त्याच्या मनातही येत नाही. ज्या स्त्रिया याचा विचार करतात त्यांतल्या काही मग फुटक्या डिस्प्लेवर महिनोन्‌महिने बोट कापून घेत फोन चालवतात, पण दुरुस्तीला देत नाहीत. फोनची दुरुस्ती आणि खासगीपणा यांपैकी एकच निवडायला लावणारी व्यवस्था शेवटी फोनच्या आयुष्यालाही मारक ठरते, हा मुद्दा पर्यावरणाची काळजी करणाऱ्यांनी तरी ध्यानात घ्यावा.

आता कारागिराची बाजू. तो लॉक मागतो याचे सगळ्यात मोठे कारण भांडण टाळणे हे आहे. डिस्प्ले बदलून फोन घरी नेलेला ग्राहक दुसऱ्या दिवशी परत येतो आणि ‘तुमच्याकडे दिल्यापासून स्पीकर बंद पडलाय’ म्हणून तावातावाने बोलू लागतो. स्पीकर आधीपासूनच बंद होता हे सिद्ध करायला कारागिराकडे काहीही नसते. म्हणून फोन घेतानाच आणि देताना सगळे तपासून घ्यायचे, तर लॉक हवे. दुसरे कारण वेळेचे आहे: ग्राहक फोन टाकून ऑफिसला जातो, संध्याकाळी घ्यायला येतो, आणि मधल्या वेळात तपासणीसाठी त्याला बोलावणे शक्य नसते. ही दोन्ही कारणे खरी आहेत. त्यांवर उपाय न काढता ग्राहकाला नुसते ‘लॉक सांगू नका’ असे बजावले, तर काम अडेल आणि भांडणे वाढतील. उलट बाजूही आहे: कधी काळी एखादा फोटो बाहेर फुटला, तो कोणाकडूनही फुटलेला असो, की पहिला संशय दुरुस्ती करणाऱ्यावर येतो. ज्याला लॉक ठाऊकच नव्हते त्याच्यावर हे किटाळ येऊ शकत नाही. प्रामाणिक कारागिराला तर ही पद्धत बंद झालेली हवीच असणार.

खासगीपणाविषयी सल्ला देणारे बहुतेक जण इथे एक सोपा मार्ग सांगतात: बॅकअप घ्या, फोन रिसेट करा आणि मगच दुरुस्तीला द्या. कागदावर हा सल्ला बिनचूक आहे. प्रत्यक्षात गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते, तिच्यातच फोटो आणि मेल असतात, आणि २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्याच जागेत मोजला जाऊ लागल्यामुळे ती बहुतेकांची भरलेली असते. रिसेट केल्यावर बँकेची आणि यूपीआयची सगळी अ‍ॅप पुन्हा नोंदवावी लागतात. त्याही आधी फोन जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो, आणि तो पासवर्ड मालकाला ठाऊकच नसतो, कारण फोन विकत घेतला त्या दिवशी ते जीमेल खाते दुकानातल्याच मुलाने उघडून दिलेले असते. (त्याला तो कदाचित अजून आठवत असेल; तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तीन हजारांच्या डिस्प्लेसाठी एवढा खटाटोप करायला सांगणे म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. शिवाय ज्याच्या डिस्प्लेवर काही दिसतच नाही, त्याने रिसेटचे बटण कुठे शोधायचे?

याहून चांगला उपाय तयार आहे, आणि आश्चर्य म्हणजे तो कित्येकांच्या खिशात आजच आहे. सॅमसंगने २०२२ साली, आधी दक्षिण कोरियात आणि मग इतरत्र, आपल्या फोनांत मेंटेनन्स मोड आणला. सेटिंगमध्ये बॅटरी आणि डिव्हाइस केअरच्या विभागात तो असतो. तो सुरू केला की फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि नव्या कोऱ्या फोनासारखा दिसतो. स्पीकर, कॅमेरा, सेन्सर सगळे तपासता येते, पण मालकाचे फोटो, मेसेज आणि खाती यांतले काहीच दिसत नाही. दुरुस्ती झाल्यावर मालकाने स्वतःचे बोट लावून किंवा पिन देऊन बाहेर पडले की सगळे होते तसे परत मिळते, आणि कारागिराने मधल्या काळात काढलेले चाचणीचे फोटो पुसले जातात. गूगलने पिक्सेल फोनांत डिसेंबर २०२३ मध्ये अशीच सोय दिली. अ‍ॅपलने २०२४ साली वेगळ्या वाटेने का होईना, दुरुस्तीसाठी फोन देताना हरवलेला फोन शोधणारी ‘फाइंड माय’ ही यंत्रणा बंद करावी लागणार नाही अशी व्यवस्था केली. कारागिराची दोन्ही कारणे या सोयीने निकालात निघतात: तपासणीही होते आणि ग्राहकही ऑफिसला जाऊ शकतो.

मग ही सोय कोणाला माहीत का नाही? कारण ती सांगण्यात कोणाचाच फायदा नाही. दुकानातल्या मुलाला लॉक विचारणे सोपे पडते, आणि कंपनीच्या जाहिरातीत कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल असतात, मेंटेनन्स मोड नसतो. कित्येक स्वस्त फोनांत तर तो दिलेलाच नाही, म्हणजे ज्यांना नवा फोन परवडत नाही आणि म्हणून दुरुस्तीवर सर्वाधिक अवलंबून राहावे लागते, त्यांच्याच वाट्याला हे संरक्षण येत नाही. त्याची एक मोठी मर्यादाही मान्य केली पाहिजे. डिस्प्ले पूर्ण काळा पडला असेल किंवा टच मेला असेल, तर तो मोड सुरूच करता येत नाही, आणि फोन दुकानात जाण्याचे सर्वांत मोठे कारण तर तेच असते. पण ही अडचण तांत्रिक आहे आणि कंपन्यांना ती सोडवता येण्यासारखी आहे. फोन सुरू होताना बटणांच्या ठरावीक जुळणीने रिकव्हरी मेन्यू उघडतोच. लॉक न मागता केवळ यंत्राच्या चाचण्या करू देणारा एक पर्याय तिथे देता येईल, आणि नवा डिस्प्ले बसला की कारागीर तो वापरू शकेल.

कायदा या बाबतीत कुठे आहे, हे थोडक्यात पाहू. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातील कलम ४३ आणि ६६ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या यंत्रातील माहितीची अप्रामाणिकपणे प्रत काढणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. पण ‘परवानगीशिवाय’ या शब्दावरच घोडे अडते. ज्याने स्वतःच्या तोंडाने पासवर्ड सांगितला त्याने परवानगी नेमकी कशाची दिली होती, याची नोंद कुठेच नसते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा मुख्यतः माहिती गोळा करून तिच्यावर प्रक्रिया करणाऱ्या संस्थांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे. जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याची गॅलरी चाळणाऱ्या माणसाला तो कितपत लागू करता येईल याबद्दल मला शंका आहे, आणि तो लागू झाला तरी गॅलरी चाळली गेली हे मालकाला कळणार कसे?

म्हणून शिक्षेच्या मागे धावण्यापेक्षा लॉक मागण्याची गरजच संपवणे शहाणपणाचे आहे, आणि त्यासाठी एक दार सरकारने आपणहून किलकिले केले आहे. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात मोबाइलचा समावेश केला आणि पुढे त्यासाठी पोर्टलही सुरू केले. सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी समिती नेमली गेली. वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे गुण देणारा निर्देशांक कसा असावा, हे तिने ठरवायचे होते, आणि मे २०२५ मध्ये तिने अहवाल दिला. सुट्या भागांची उपलब्धता, फोन उघडायला लागणारी अवजारे, स्क्रूंचे प्रकार, दुरुस्तीची माहिती आणि सॉफ्टवेअर अपडेट अशा निकषांचा तिने विचार केला आहे. युरोपीय संघात जून २०२५ पासून विक्रीच्या फोनवर असे गुण छापलेही जात आहेत. या निकषांत आणखी एकाची भर घालावी: मालकाचे लॉक न मागता फोनच्या सगळ्या भागांची तपासणी करता येते का? ज्या फोनमध्ये येत नाही त्याचे गुण कापले जावेत, आणि ते खोक्यावर दिसावेत. स्क्रू कोणता आहे हे मोजणाऱ्यांनी किल्ली कोणाच्या हाती जाते हे न मोजणे विसंगत आहे.

त्याबरोबर अधिकृत सेवा केंद्रांच्या फॉर्मवरून पासवर्डचा रकाना काढून टाकण्याचा आदेश देता येईल. अपवाद म्हणून तो घ्यावाच लागला, तर कोणत्या चाचणीसाठी घेतला हे पावतीवर लिहिणे बंधनकारक करता येईल. त्या ओळीमुळे ‘परवानगी कशाची’ या प्रश्नाला निदान कागदावर उत्तर मिळेल. कोपऱ्यावरच्या दुकानांवर लगेच असा नियम लादू नये. तपासायला कोणी येणार नाही आणि नियम मात्र हप्तेबाजीला निमित्त होईल. कंपन्यांनी सोय दिली आणि ती कशी वापरायची हे कारागिरांना मराठीत दाखवले, तर ते ती वापरतील, कारण त्यांचाही जाच त्याने कमी होतो. तोवर फोन देताना सिम काढून घेणे, मेंटेनन्स मोड असेल तर तो सुरू करून देणे, नसेल आणि लॉक सांगावेच लागले तर आधी ते तात्पुरते बदलणे, आणि फोन परत आल्यावर लॉक पूर्ववत करून व्हॉट्सअ‍ॅपमधील जोडलेल्या उपकरणांची यादी पाहणे, एवढे प्रत्येकाला करता येईल. हा केवळ तात्पुरता डागडुजीचा मार्ग आहे, आणि डिस्प्ले मेलेला असेल तर तोही अर्धाच चालतो.

सरकारला कंपन्यांवर दबाव आणायचा असेल तर नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही, कारण सरकार स्वतःच फोनांचे मोठे गिऱ्हाईक आहे. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना शासनाने दिलेले मोबाइल इतके निकृष्ट निघाले, की २०२१ साली त्यांनी ते शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. दुरुस्तीचा खर्च पदरमोड करून भागवावा लागतो, ही त्यांची एक मोठी तक्रार होती. त्या फोनांत गावातल्या बालकांची वजने, मातांची नावे, आधार क्रमांक अशी माहिती भरली जात होती, आणि फोन बिघडला की तो गावच्या किंवा तालुक्याच्या दुकानात लॉकसकट जात होता. त्या वेळी चर्चा झाली ती रॅमची आणि इंग्रजी अ‍ॅपची, आणि ती योग्यच होती. पुढच्या खरेदीची निविदा निघेल तेव्हा रॅम आणि बॅटरीच्या अटींखाली आणखी एक ओळ घालता येईल: लॉक न उघडता दुरुस्ती आणि तपासणी करता येण्याची सोय असलेलाच फोन स्वीकारला जाईल. एका खरेदीत हजारो फोन जाणार म्हटल्यावर ती सोय देणे परवडत नाही असे सांगणारी कंपनी सापडणे कठीण आहे.